पिट्सबर्ग ते वॉशिंग्टन, मोटारीविना

[पडद्यावर: दोन नद्यांचा संगम, पोलादी पूल, सामान लादलेल्या सायकली]

अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात अ‍ॅलेगेनी आणि मोनोंगाहेला या नद्या एकत्र येतात आणि पुढे ओहायो म्हणून वाहतात. संगमावरच्या बागेतून सायकलची एक वाट निघते, ती थेट राजधानी वॉशिंग्टनला जाते. अंतर सुमारे ५४० किलोमीटर. मध्येच एखादा रस्ता आडवा येतो, तो ओलांडायचा. गावात शिरलं की चार गाड्या दिसतात. एरवी मागून हॉर्न नाही, धूर नाही, ट्रक गेल्यावर बसणारा वाऱ्याचा हिसका नाही. तंबू, कपडे, शिधा सगळं कॅरियरला बांधायचं आणि आठवडाभर झाडीतून पायडल मारत राहायचं.

मोटारींसाठी शहरंच्या शहरं वसवणाऱ्या देशात अशी वाट उरली कशी? ती आपोआप उरलेली नाही. लोकांनी ती राखली.

[पडद्यावर: यॉकगेनी नदीचं खोरं]

सुरुवातीचे काही तास कारखान्यांच्या कडेने जातात. खरं जंगल लागतं ते यॉकगेनी नदीच्या खोऱ्यात. ओक, मेपल, हेमलॉक. उन्हाळ्यात पालवी इतकी दाट, की नदी ऐकू येते पण दिसत नाही. चाकाखाली चुनखडीचा दाबून बसवलेला बारीक चुरा.

या पहिल्या २४० किलोमीटरांचं नाव ग्रेट अ‍ॅलेगेनी पॅसेज. यातला मोठा भाग म्हणजे वेस्टर्न मेरीलँड रेल्वेचा जुना मार्ग. १९७५ मध्ये या मार्गावरची वाहतूक थांबली. रूळ गेले; भराव, पूल आणि बोगदे राहिले. १९८६ साली ओहायोपाइल गावाजवळ पंधराएक किलोमीटरचा पहिला तुकडा सायकलींसाठी खुला झाला. मग त्याच्या पुढचा, मग त्याच्याही पुढचा. कुठे जमीन मिळवायची, कुठे एका पुलासाठी पैसे उभे करायचे, असं करत गावोगावच्या स्वयंसेवकांनी आणि संस्थांनी हे काम रेटलं. वाट पिट्सबर्गच्या संगमाला भिडली ती २०१३ साली.

रेल्वेचा वारसा पायांनाही जाणवतो. इंजिनाला जड डबे ओढायचे होते, म्हणून चढ कुठेही शंभर मीटरला दोन मीटरच्या वर जात नाही. त्यामुळे इथे फक्त तरणेताठे सायकलपटू भेटत नाहीत. आजी-आजोबा असतात, शाळकरी मुलं असतात, तीन चाकांवर रेलून बसलेले लोक असतात. लांबच्या सायकलप्रवासाला गुडघ्यांत ताकद लागते हा समज इथे गळून पडतो. लागतो तो वेळ.

[पडद्यावर: सॉल्सबरी व्हायाडक्ट, वरून]

मायर्सडेल गावाजवळचा हा पूल. लांबी जवळपास १,९०० फूट, उंची १०० फूट. खाली कॅसलमन नदी, चालू रेल्वेमार्ग आणि मोटारींचा रस्ता. मोटारींचं असं खाली असणं पाहून मला मनापासून आनंद झाला.

थोडं पुढे २,३९२ फुटांवर सगळ्या वाटेचा माथा येतो. आपल्याकडे सह्याद्रीच्या धारेवर पावसाचं पाणी जसं दोन समुद्रांत वाटलं जातं, तसंच इथे. अलीकडचं पाणी मिसिसिपीतून मेक्सिकोच्या आखाताकडे, पलीकडचं पोटोमॅकमधून अटलांटिककडे. लगेच बिग सॅव्हेज बोगदा, जवळपास एक किलोमीटरचा. आत दिवे आहेत, पण हिवाळ्यात बर्फाने नुकसान होऊ नये म्हणून त्याची दारं बंद करतात. तेव्हा निघण्याआधी तारखा पाहा. बोगद्यातून बाहेर पडलं की कंबरलँड गावापर्यंत उतारच उतार.

[पडद्यावर: कंबरलँड. कोरडा कालवा, बाजूने मातीची वाट]

कंबरलँडला वाट बदलते. इथून पुढचे २९७ किलोमीटर चेसापीक अँड ओहायो कालव्याच्या काठाने. ४ जुलै १८२८ रोजी कालव्याचं काम सुरू झालं. त्याच दिवशी बाल्टिमोरमध्ये त्याच्या प्रतिस्पर्ध्याची, बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेची पायाभरणी झाली. रेल्वे १८४२ मध्ये कंबरलँडला पोचली, कालवा १८५० मध्ये. तरी १९२४ च्या पुरापर्यंत कोळशाच्या नावा चालत होत्या. त्या ओढायला काठावरून खेचरं चालत. आपली वाट ती खेचरांची. पाणी अडवून नावा चढवायला-उतरवायला दारं असलेले ७४ टप्पे बांधलेले आहेत, तेवढाच काय तो चढ-उतार.

पाऊस पडून गेला असेल तर मात्र इथे चिखल. गुळगुळीत टायरची सायकल आणू नका.

१९५० च्या दशकात या ओसाड कालव्याच्या जागेवरून मोटारींचा रस्ता नेण्याची योजना पुढे आली. जानेवारी १९५४ मध्ये वॉशिंग्टन पोस्टने अग्रलेखातून तिला पाठिंबा दिला. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी वर्तमानपत्राला पत्र लिहून संपादकांना आव्हान दिलं: माझ्याबरोबर ही वाट चालून पाहा, मग ठरवा. संपादक आले. मार्चमध्ये पन्नासहून जास्त माणसं कंबरलँडहून निघाली. वॉशिंग्टनपर्यंतचं सगळं अंतर चालून पुरं केलं डग्लस धरून नऊ जणांनी. वर्तमानपत्राने भूमिका बदलली. कालवा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान व्हायला १९७१ उजाडलं, पण मोटाररस्ता झाला नाही. पंचावन्न वर्षांच्या एका न्यायाधीशाने आठ दिवस चालावं आणि त्याचं फळ तुम्हा-आम्हाला सायकलवर मिळावं, याबद्दल मला फार कृतज्ञता वाटते.

[पडद्यावर: पॉ-पॉ बोगदा, टॉर्चचा उजेड]

कालव्यासाठी डोंगरातून खोदलेला हा बोगदा ३,११८ फुटांचा. १८३६ मध्ये सुरू झाला, पैशांची चणचण आणि मजुरांचे तंटे यांतून रखडत १८५० मध्ये संपला. आत दिवे नाहीत. सायकल हातात धरून चालायचं. विटांच्या कमानीतून पाणी ठिबकतं. कठड्यावरून हात फिरवलात तर लाकडात खोल चरे लागतात. नावांच्या दोरखंडांनी वर्षानुवर्षं घासून पडलेले.

पॉ-पॉ हे इथल्या एका झाडाचं नाव, आपल्या सीताफळाच्या कुळातलं. काठाने त्याची मोठ्या पानांची झाडी आहे. फळं सप्टेंबरमध्ये पिकतात. मऊ गर, आत काळपट चपट्या बिया.

[पडद्यावर: मुक्कामाची जागा. हापसा, तंबू]

काठावर दर काही किलोमीटरांनी मुक्कामाच्या जागा आहेत, चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठीच. भाडं नाही, आरक्षण नाही. एक रात्र राहायचं आणि पुढे निघायचं. एक टेबल, शेकोटीची जागा, शौचालय आणि हापसा. पाण्यात आयोडीन घातलेलं असतं, चव औषधी लागते. हिवाळ्यात हापसे बंद.

वॉशिंग्टनच्या आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींनी पाहुण्यांना घेऊन ग्रेट फॉल्स नक्की पाहिला असेल. धबधब्याच्या मेरीलँडकडच्या बाजूला कालव्यालगत जाणारी मातीची वाट ती हीच. तिथून वाटेचा शेवट, वॉशिंग्टनमधल्या जॉर्जटाउनचा शून्य मैलाचा दगड, फक्त २३ किलोमीटर.

परतायलाही मोटार लागत नाही. वॉशिंग्टनच्या युनियन स्टेशनवरून पिट्सबर्गला अ‍ॅमट्रॅक या प्रवासी रेल्वेची गाडी आहे. सायकलसाठी मोजक्या जागा असतात, त्या आधी आरक्षित करायच्या. गाडी कंबरलँडपर्यंत त्याच जुन्या बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेच्या मार्गाने जाते.