इथल्या इथं जायचं असलं तरी

नमस्कार श्रोतेहो.

सोलापुरात अशोक चौकाजवळ माझं टू-व्हीलरचं गॅरेज आहे, ३१ वर्षं झाली. पडलेली गाडी दारात आली की ती कशी पडली हे मला विचारावं लागत नाही. डावा फूटरेस्ट आत वळलेला, क्लचचा लिव्हर टोकाशी मोडलेला, हँडलच्या रबरात माती रुतलेली, म्हणजे गाडी डाव्या अंगावर घसरत गेली. मी मालकाला एवढंच विचारतो, कुठं निघाला होता? बहुतेकांचं उत्तर एकच असतं. "कुठं नाही ओ, इथल्या इथं."

इथल्या इथं म्हणजे चौकात पान-तंबाखू आणायला, पोराला ट्यूशनला सोडायला, गिरणीतून दळण आणायला. पुण्याला निघालेला माणूस हेल्मेट घालतो, बूट घालतो, चाकातली हवा बघून घेतो. तुळजापूरला निघालेलाही घालतो. दळणाला निघालेला मात्र पायात स्लीपर सरकवतो आणि किक मारतो. आज मला या दळणाच्या फेरीबद्दलच बोलायचं आहे. परत सांगतो, लांबच्या प्रवासाबद्दल नाही, इथल्या इथं जाण्याबद्दल.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिना, रविवार, सकाळचे नऊ. सोलापुरात मे महिन्यात नऊ वाजता ऊन कसं असतं हे तुम्हाला सांगायला नको. पंढरपूरहून बहीण आणि भाचरं आली होती, घरात आमरसाचा बेत होता आणि दूध कमी पडलं. जुळे सोलापुरातल्या आमच्या घरापासून डेअरी फार तर सहाशे मीटर. बायको म्हणाली, "अहो, तेवढं तीन लिटर दूध आणता का?" आई म्हणाली, "जाता जाता मावशींच्या घरी चार आंबे दे." झालं, एका हातात किटली, दुसऱ्या हातात आंब्यांची पिशवी.

आता आमच्या घरातली एक पद्धत सांगतो. गाडीची चावी हेल्मेटात ठेवायची. हेल्मेट दाराजवळच्या खिळ्याला आणि चावी हेल्मेटात. ही पद्धत माझ्या बायकोनं लावली. चावी हवी तर हेल्मेटला हात लावावाच लागतो. पण मी काय करायचो, जवळ जायचं असलं की चावी काढून घ्यायचो आणि हेल्मेट परत खिळ्याला अडकवायचो. त्या दिवशी दोन्ही हात गुंतलेले, म्हणून मुलीला हाक मारली, "बाळा, चावी दे गं."

दहा वर्षांची होती ती. तिनं स्टूल ओढलं, वर चढली, हेल्मेट काढलं, चावी माझ्या शर्टाच्या खिशात टाकली. आणि स्टुलावरून उतरायच्या आधी हेल्मेट माझ्या डोक्यावर बसवलं. पट्टा हनुवटीखाली ओढला आणि कट्कन लावला. मी म्हटलं, "अगं, इथल्या इथं तर जायचंय." ती म्हणाली, "पप्पा, हात मोकळे नाहीत तुमचे, राहू दे." गाडीपाशी गेलो, किटली हँडलला लावली, पिशवी हुकाला लावली. आता हात मोकळे होते, हेल्मेट काढता आलं असतं. पण ती दारात उभी राहून बघत होती. मग तसाच निघालो.

आंबे दिले, दूध घेतलं, परत फिरलो. आमच्या गल्लीच्या वळणावर एक बांधकाम चालू होतं. वाळू आणि कच रस्त्याच्या मध्यापर्यंत पसरलेली. (बांधकाम करणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, वाळू स्वतःच्या जागेत टाका, आणि निदान संध्याकाळी रस्ता झाडून घ्या.) माझा वेग पंचवीसच्या वर नव्हता. वळताना किटली हिंदकळली, माझं लक्ष तिच्याकडं गेलं आणि हँडल वळलेलं असताना मी पुढचा ब्रेक दाबला. गाड्या दुरुस्त करण्यात माझं आयुष्य गेलं. वाळूवर, हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबायचा नाही, हे मी रोज गिऱ्हाइकांना सांगतो. पण पुढचं चाक गेलंच. सावरायला वेळच मिळाला नाही, गाडी डावीकडं आडवी आणि मी तिच्याबरोबर.

गटारीच्या कडेला कडाप्प्याची फरशी लावलेली होती. डाव्या कानाच्या वर हेल्मेट त्या फरशीच्या धारेवर आदळलं. देवळात नारळ फोडतात तसा आवाज माझ्या दोन्ही कानांत झाला, तो मी अजून विसरलेलो नाही. मग शांतता, आणि डांबरावरून माझ्या तोंडाशी वाहत येणारं दूध. मी उठून बसलो. बायकोचं नाव आठवतंय का, ते मनातल्या मनात म्हणून बघितलं. आठवलं.

घरी आल्यावर मुलीनं हेल्मेट मांडीवर घेतलं. बाहेरचा रंग जिथं खरवडून गेला होता तिथं तिनं बोटं ठेवली, तिची चार बोटं मावली. आतलं कापड मी बाजूला केलं तर पांढरा थर्माकोल अंगठ्यानं दाबावा तसा खोल बसलेला. तो मार थर्माकोलनं घेतला म्हणून डोक्यापर्यंत पोचला नाही. त्याचं काम तेच. एकदा बसलेला थर्माकोल परत फुगत नाही, म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून कितीही चांगलं दिसलं तरी बदलायचं. परत सांगतो, आपटलेलं हेल्मेट बदलायचं.

डोकं वाचलं. पण गोष्ट इथं संपत नाही. हातात काही नव्हतं आणि पायात स्लीपर. पडताना माणूस तळहात पुढं करतो, ते आपल्या हातात नसतं, शरीर आपोआप करतं. माझ्या डाव्या तळव्याची साल गेली आणि तिथं कच रुतली. दवाखान्यात सिस्टरनी ब्रश घेऊन एकेक कण काढला. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसलो होतो, त्यातला एक आकडाही आठवत नाही. पायाच्या अंगठ्याचं नख गेलं. तीन आठवडे मला साधा दहा नंबरचा पाना धरता आला नाही. मेकॅनिकचा हात गेला म्हणजे घराची कमाई गेली. धाकट्या भावानं गॅरेज उघडं ठेवलं म्हणून निभावलं. पातळ का होईना, हातमोजे असते तर हे तीन आठवडे वाचले असते.

हे भाषण लिहायला घेतल्यावर थोडं वाचन केलं. अमेरिकेत हॅरी हर्ट नावाच्या संशोधकानं लॉस एंजेलिस भागातल्या ९०० हून अधिक मोटरसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली आणि १९८१ मध्ये अहवाल दिला. त्यात दिसलं की बहुतेक अपघात छोट्या फेऱ्यांमध्ये होतात. खरेदी, किरकोळ काम, मित्राकडं जाणं, आणि तेही निघाल्यावर थोड्याच वेळात. आदळतानाचा मधला वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास. म्हणजे आपल्या गल्लीतलाच वेग. आणि गाडी उभी असली तरी दीड मीटर उंचीवरून खाली आलेलं डोकं ताशी २० किलोमीटरच्या आसपास वेगानं जमिनीला लागतं. तो नुसत्या पडण्याचा वेग झाला, गाडीचा त्यात धरलेलाच नाही.

मोटरसायकलच्या दुनियेत लॉरेन्सची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. लॉरेन्स ऑफ अरेबिया म्हणतात ते, पहिल्या महायुद्धातले ब्रिटिश अधिकारी. मे १९३५ मध्ये ते घराजवळच्या छावणीतून तार करून मोटरसायकलवर परत येत होते. दोन सायकलस्वार मुलांना वाचवताना पडले, डोक्यावर काही नव्हतं, सहाव्या दिवशी गेले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांपैकी एक डॉक्टर, ह्यू केर्न्स, यांनी पुढं हेल्मेटचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये तो छापून आला. तीसुद्धा इथल्या इथंचीच फेरी होती.

कायद्याचं मी जास्त बोलत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात चालवणारा आणि मागं बसणारा, दोघांनाही हेल्मेट सांगितलेलं आहे, चार वर्षांच्या पुढचं मूल असेल तर त्यालाही. मागं बसलेल्या आईचं डोकं आपल्या डोक्यापेक्षा कमी मोलाचं आहे का?

हेल्मेट घेताना आयएसआयचा शिक्का आणि आयएस ४१५१ हा नंबर बघा. आपण सोलापूरकर चादर हातात घेतली की वीण बघून सांगतो, ही आपल्या मागावरची की बाहेरची. बाहेरगावी सोलापुरी म्हणून काय काय विकतात ते बघून मला फार वाईट वाटतं, ज्या विणकरांनी हे नाव कमावलं त्यांचा तो अपमान आहे. तीच नजर हेल्मेटला लावा. रस्त्याच्या कडेला टांगलेली टोपीसारखी हेल्मेटं पोलिसांना दाखवण्यापुरती असतात. आणि पट्टा लावा. पट्टा न लावलेलं हेल्मेट तुमच्या आधी रस्त्यावर पडतं.

उकाडा होतो, मान्य. आपल्याकडं पारा त्रेचाळीसवर जातो. आत पातळ सुती रुमाल बांधा, घाम तो पितो, आणि रोज धुता येतो. आणि एक गोष्ट मला आपल्या बायका-मुलींकडून शिकावीशी वाटते. त्या दोन गल्ल्या पलीकडं जायचं असलं तरी सनकोट, स्कार्फ आणि हातमोजे घालतात. उन्हासाठी एवढं घालायची सवय आहेच, त्यात पट्टा लावलेलं हेल्मेट आणि पुढून बंद असलेला बूट एवढीच भर घालायची आहे.

आज घरी गेल्यावर दाराजवळ एक खिळा ठोका, हेल्मेट त्याला अडकवा, गाडीची चावी आणि हातमोजे त्यात टाका. ते काढून घेऊन हेल्मेट परत अडकवायचं नाही, तेवढं फक्त पाळा. माझं ते फरशीवर आदळलेलं हेल्मेट गॅरेजात पान्यांच्या बोर्डाशेजारी लावलेलं आहे. कधी आलात तर खरवडलेल्या जागेवर बोटं ठेवून बघा. मुलगी आता अठरा वर्षांची झाली, मागच्याच महिन्यात तिला लायसन्स मिळालं. आज सकाळी ती दूध आणायला गेली तेव्हा मी आतल्या खोलीत होतो, कट् असा आवाज मला तिथपर्यंत ऐकू आला.

नमस्कार.