सापडलेलं टोक आणि सापडलेली जागा

नमस्कार श्रोतेहो. अमेरिकेतल्या शेतांमध्ये हजारो वर्षांपूर्वीची दगडी टोकं, म्हणजे भाल्यांना आणि बाणांना लावायची दगडाची अणकुचीदार पाती, आजही वर येतात. ती जमवणारे हौशी लोक तिथे पुष्कळ आहेत. त्यांनी सगळ्यात जास्त जपायला हवी ती सापडलेल्या जागेची नोंद.

न्यू मेक्सिकोतल्या फॉल्समजवळ 1926 साली हिमयुगातल्या, आता नामशेष झालेल्या बायसनच्या हाडांसोबत टोकं मिळाली. पण ती मातीतून सुटी झालेली होती, म्हणून तज्ज्ञांना पटेना. 1927 च्या ऑगस्टमध्ये एक टोक फासळ्यांच्या मध्येच रुतलेलं दिसलं. ते जागचं न हलवता तारा पाठवून तज्ज्ञांना बोलावलं गेलं. हिमयुगाच्या अखेरीस अमेरिकेत माणूस होता, हे मग मान्य झालं.

आता कायदा. केंद्र सरकारच्या आणि मूळनिवासी जमातींच्या जमिनीवरून काहीही उचलू नका. 1979 च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तूंना तिथे संरक्षण आहे. खासगी शेतात जायचं तर मालकाची लेखी परवानगी घ्या. राज्याचे नियमही आधी बघा. माणसाचं हाड दिसलं तर तिथेच थांबा आणि पोलिसांना कळवा. खणू तर कधीच नका.

नांगरटीनंतर एक जोराचा पाऊस पडू द्या. माती धुऊन दगड उघडे पडतात. सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन तिरपं असताना, दोन-दोन मीटर अंतर ठेवून सरळ पट्ट्यांत चाला. माणसाने दगडावरून ठोकून काढलेल्या छिलक्यावर आघाताची लहानशी सपाट जागा दिसते, तिच्या लगेच खाली फुगवटा आणि पुढे पसरत गेलेल्या लाटा. नांगराने टवका उडाला असेल तर तिथला रंग ताजा असतो, कधी लोखंडाची गंजकट रेघही असते. आणखी एक: सगळ्यांनाच लोक बाणाची टोकं म्हणतात, पण त्यांतली बरीचशी धनुष्य येण्याच्या आधीची, हातातल्या काठीच्या टोकाला अडकवून फेकायच्या भाल्यांची आहेत.

उचलण्याआधी शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो घ्या. जीपीएसचे आकडे, तारीख आणि शेताचं नाव कागदावर पेन्सिलीने लिहा. शाई ओलीने फुटते. प्रत्येक वस्तूला वेगळी पिशवी द्या. एकाच डब्यात टोकं एकमेकांवर आपटली की धारेचे बारीक टवके उडतात, आणि पुढे ते वापराच्या खुणांसारखे दिसून अभ्यासकाची दिशाभूल होते.

घरी आणल्यावर घासूनपुसून चकचकीत करायचा मोह टाळा. तारेचा ब्रश, आम्ल, तेल, काही नको. धारेवर रक्ताचे किंवा वनस्पतीचे सूक्ष्म अंश टिकलेले असू शकतात, म्हणून चिकटलेली माती राहिली तरी चालेल. क्रमांक घालायचा तो कमी महत्त्वाच्या बाजूवर. आधी ॲसिटोनमध्ये विरघळवलेल्या पॅरालॉइड बी-72 या पारदर्शक रेझिनचा पातळ थर द्या, तो वाळल्यावर बारीक निबने काळ्या शाईत क्रमांक लिहा, आणि वर पुन्हा एक थर द्या. हा क्रमांक ॲसिटोनने केव्हाही पुसता येतो. तोच क्रमांक वहीत, जागेच्या नोंदीसमोर, त्याच दिवशी लिहा.