तिथीची पाऊणपट

श्रोतेहो, नमस्कार. महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात आपण ओंजळीत पाणी घेतो आणि तोंडात नाव येतं ते कृष्णामाईचं. ती वाई-सांगलीकडून पूर्वेला जाते. तिथलीच सावित्री मात्र पश्चिमेला घाटाखाली उतरते आणि हरिहरेश्वरच्या डोंगराशेजारी समुद्राला मिळते. तिचं कौतुक आपण कमीच करतो.

हा डोंगर म्हणजे समुद्रात घुसलेलं नाक. दगड आपल्या अजिंक्यताऱ्याचाच, 6 कोटींहून जास्त वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा कातळ. लाटांनी त्याचा पायथा कापून सपाट ओटा केलाय. देवळामागून चढायचं, खडकाच्या चिरेतल्या पायऱ्यांनी या ओट्यावर उतरायचं आणि डोंगराला वळसा घालायचा, ही प्रदक्षिणा. पण ओहोटी असेल तरच! पुन्हा सांगतो, ओहोटी असेल तरच.

आम्ही गेलो तेव्हा संकष्टी होती. आत्याचा उपास. आम्ही बाकीचे खानावळीत घावनांवर घावनं मागवत बसलो, ती दारात चपला घालून उभी. खाली उतरायला साडेबारा वाजले. भिंतीसारख्या कातळाला मधाच्या पोळ्यागत भोकं. आत्यानं एका भोकात बोट घातलं, तळाशी पांढरं काहीतरी. चाटून म्हणाली, "अरे, मीठ!" धाकटा म्हणाला, "आत्या, उपास मोडला."

तेवढ्यात कालवं काढणारी एक बाई टोपली घेऊन लगबगीनं वर येताना दिसली. हातात कोयती, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. आम्हाला बघून थांबली. "आज तिथी काय?"

आत्या म्हणाली, "संकष्टी."

"म्हणजे चवथ. चाराचे पाऊणपट तीन. तीनला भरती. पाणी चढतंय, मागे फिरा."

बोलेपर्यंत एक लाट ओट्यावरून सळसळत आली आणि काकांची डावी चप्पल घेऊन गेली. वर येईपर्यंत आत्या गप्प होती. मग म्हणाली, "सकाळपासून तिथी पाळत्ये मी, आणि हिशेब त्या बाईला यावा!"

तर श्रोतेहो, तिथीला पाऊणनं गुणा, भरतीची अंदाजे वेळ येते. तिच्या आधी-नंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. तिथी मोबाइलवरही दिसते म्हणा. पण भिंतीवरच्या कॅलेंडरचा खिळा काढू नये या मताचा मी आहे. त्याच्यावर दुधाचा खाडाही लिहिता येतो.

भोकांचं राहिलंच. लाटांचे तुषार दगडात मुरतात, उन्हानं पाणी उडतं, मिठाचे खडे फुगून दगडाचा कण न् कण सुटा करतात. झालं भोक.

दुसऱ्या दिवशी पंचमी. पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे ओहोटी पावणेदहाला. नऊलाच उतरलो. पलीकडे सावित्रीचं मुख, बाणकोटचा किनारा. आत्यानं तिला हात जोडले. काका खानावळवाल्याच्या रबरी चपलांत.