उपाशीपोटी रक्त देताना

(दृश्य: सकाळची लॅब, रांगेत बसलेली माणसं)

सुई टोचण्याआधी लॅबमध्ये विचारतात, "शेवटचं कधी खाल्लं?" उत्तर खरं द्या. रिपोर्टमधले काही आकडे त्यावरच ठरतात.

उपाशीपोटीच्या साखरेसाठी किमान 8 तास पोटात अन्न नको. 100 च्या आत असेल तर ठीक. 126 किंवा जास्त आली तर मधुमेहाची शंका, आणि खात्रीसाठी पुन्हा तपासणी. दूध-साखरेचा चहा प्यायल्यावर या आकड्यांवर विसंबता येत नाही. एकादशीची साबुदाणा खिचडी, वरीचे तांदूळ, बटाटा उपासाला चालतात, इथे नाही: त्यांत स्टार्च भरपूर, त्याची साखरच होते. साधं पाणी मात्र जरूर प्या. पाणी कमी पडलं की शीर पटकन सापडत नाही.

(दृश्य: दोन नळ्या; एकीत स्वच्छ पिवळसर सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा पातळ भाग), दुसरीत दुधाळ)

ही दुधाळ नळी तेलातुपाच्या जेवणानंतरची. ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली एक प्रकारची चरबी, जेवल्यावर काही तास चढलेलीच राहतात, म्हणून लिपिड प्रोफाइलसाठी, म्हणजे कोलेस्टेरॉल आणि चरबीच्या तपासणीसाठी, 9 ते 12 तासांचा उपास सांगतात. खरी फसगत पुढे आहे. बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल ("वाईट" कोलेस्टेरॉल) थेट मोजत नाहीत, हिशोबानं काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल ("चांगलं" कोलेस्टेरॉल) आणि ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा हिस्सा वजा. एकूण 220, एचडीएल 40, ट्रायग्लिसराइड्स 150 असतील तर एलडीएल 150. बाकी तेच ठेवून ट्रायग्लिसराइड्स 300 झाली, तर एलडीएल दिसतं 120. धोका तेवढाच, रिपोर्ट मात्र दिलासा देणारा! 400 च्या वर तर हे सूत्र वापरतच नाहीत.

जेवणानंतरच्या साखरेचे 2 तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नव्हे. त्या दिवशी मुद्दाम भात-पोळी टाळून जेवलात, तर रोजची साखर कळणारच नाही.

रात्रीचं जेवण गाळून 16-18 तास उपाशी राहू नका. गिल्बर्ट सिंड्रोम हा यकृताचा जन्मजात, निरुपद्रवी दोष असलेल्यांचं बिलिरुबिन (काविळीत वाढणारा पिवळा घटक) तेवढ्यानंही वाढतं आणि काविळीची नाहक भीती बसते. एचबीए1सी या साखरेच्या तपासणीला तर उपासाची गरजच नाही. त्यात रक्तातल्या साखरेची साधारण 3 महिन्यांची सरासरी दिसते.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन रक्त देण्याआधी घ्यायचं का, हे आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारा. रांगेत घाम फुटला, हातपाय थरथरले, तर लगेच साखर खा आणि लॅबमधल्या माणसांना सांगा. तपासणी दुसऱ्या दिवशी होईल.