उधारी ‘बुडीत’ लिहिली म्हणजे माफ केली का? | कृषी सेवा केंद्राचा मार्चअखेर

नमस्कार मंडळी. मार्च लागला की कमेंटमध्ये एकच प्रश्न येत राहतो: “सर, हिशोबात चार लाख नफा दिसतोय, मग गल्ल्यात पैसे का नाहीत?” विचारणारे बहुतेक कृषी सेवा केंद्रवाले. म्हणून आज त्यांच्याच धंद्याबद्दल बोलू.

खत, बियाणं, औषध जून-जुलैत उधारीवर जातं आणि वसुली होते कापूस-सोयाबीन विकल्यावर, दिवाळीनंतर. तुमचा नफा गोदामात पडलाय आणि उधारीच्या वहीत अडकलाय. हे दोन आकडे खोटे असतील तर नफाही खोटा. पण कर मात्र खराखुरा भरावा लागतो.

साठ्याचं पटकन सांगतो, कारण हे बहुतेकांना माहीत आहे. सुरुवातीचा साठा अधिक खरेदी, त्यातून अखेरचा साठा वजा, ही झाली विकलेल्या मालाची किंमत. ती विक्रीतून काढली की ढोबळ नफा. अखेरचा साठा खरेदी किमतीला धरायचा. बाजारात तेवढेही येणार नसतील, तर जेवढे येतील तेवढ्याला. दोन्हींत जी कमी ती. एमआरपीने अजिबात नाही! 5,20,000 चा माल एमआरपीने 6,00,000 लिहिलात, तर न विकलेल्या मालावर 80,000 नफा दाखवलात. एकच खत दोन भावांनी आलं असेल तर आधी आलेला आधी गेला असं धरा, नाहीतर सरासरी काढा. एक पद्धत ठरवा आणि दरवर्षी तीच ठेवा.

मागे एका दुकानात मोजणीला बसलो होतो. वरच्या फळीवर, मागच्या बाजूला, कीटकनाशकाच्या 12 बाटल्या निघाल्या. लेबलवर धूळ, मुदत जानेवारीतच संपलेली. कॉम्प्युटरमध्ये मात्र 450 रुपये नगाने 5,400 चा माल दिमाखात उभा. मुदत संपलेलं औषध विकता येत नाही, म्हणजे किंमत शून्य. शिवाय तो माल वहीतून काढला की खरेदीवर घेतलेलं 18 टक्के जीएसटीचं क्रेडिट (म्हणजे खरेदीवर भरलेला जो कर आपण विक्रीच्या करातून वळता करतो तो), 972 रुपये, परत करावं लागतं. म्हणून माझा आग्रह आहे, औषधांची एक मोजणी दिवाळीच्या आसपास करा. कंपनी माल परत घेणार का, हे मुदत संपायच्या आतच विचारता येतं. आणि युरियाच्या गोण्या पॉस मशीनमधल्या (अनुदानाच्या खताची विक्री ज्यावर नोंदवतो त्या यंत्रातल्या) आकड्याशी जुळवा, नाही जुळला तर तो वाद वेगळाच असतो.

आता उधारी. इथे जरा थांबतो, कारण मागच्या व्हिडिओखाली एका दादांनी लिहिलं होतं, “बुडीत दाखवली तर गावात बोभाटा होईल, सगळेच म्हणतील माझीपण माफ करा.” त्याखाली बऱ्याच जणांनी ‘बरोबर आहे’ म्हणून लिहिलं. नाही मंडळी, बरोबर नाही. बुडीत लिहिणं म्हणजे माफ करणं नव्हे. ती नोंद तुमच्या पुस्तकात होते. शेतकऱ्याच्या डोक्यावरचं देणं त्याने एक रुपयाही कमी होत नाही.

आयकर काय म्हणतो बघा. बुडीत रकमेची करात वजावट घ्यायला पूर्वी ती खरोखर बुडाली हे सिद्ध करावं लागायचं. 1 एप्रिल 1989 पासून ते गेलं. हिशोबात बुडीत म्हणून काढली की पुरे, हे सर्वोच्च न्यायालयानेही 2010 मध्ये टीआरएफ लिमिटेडच्या निकालात सांगितलं. त्याच वर्षी विजया बँकेचा निकाल आला. बँकेने ताळेबंदातल्या येण्यातून रक्कम कमी केली होती, पण कर्जदारांची वैयक्तिक खाती बंद केली नव्हती. कारण खातं बंद केलं तर वसुलीच्या दाव्यात समोरचा म्हणेल, माझ्याकडे काही बाकीच नाही. न्यायालयाने बँकेचं म्हणणं मान्य केलं. मग आपण वहीत नावावर काट का मारायची? काट मारू नका हो! नफा-तोट्याला खर्च टाका, ताळेबंदात एकूण येणं तेवढं कमी करा, आणि त्या माणसाचं खातं, बिलं, सह्या जपून ठेवा.

नुसता ‘बुडीत व संशयित कर्ज निधी’ काढून भागत नाही. तो काढावा, नफ्याचं खरं चित्र कळतं, पण आपल्यासारख्या दुकानदाराला त्याची करात वजावट नाही. येणं प्रत्यक्ष कमी झालं पाहिजे. आणि ती रक्कम आधी विक्रीत धरलेली हवी. मुलीच्या लग्नाला हातउसने दिलेले 20,000 त्याच खात्यावर लिहिलेले असतात, ते यात बसत नाहीत. हातउसन्याचं पान वेगळं ठेवा.

दावा लावायचा हक्क बुडतो तो मुदतीने. विकलेल्या मालाच्या पैशासाठी दाव्याची मुदत 3 वर्षं, आणि पैसे देण्याची तारीख ठरलेली नसेल तर माल दिल्यापासून मोजायची. त्या 3 वर्षांच्या आत समोरच्याने ‘बाकी मान्य’ लिहून सही केली, की तिथून नवी 3 वर्षं. दर मार्चला खाते उतारा काढा, बाकी लिहा, सही आणि तारीख घ्या. अंगावर येऊन मागू नका, चहा पाजा आणि सही घ्या. दुष्काळात माणूस खरंच अडलेला असतो, आणि पुढच्या जूनला तो तुमच्याच दुकानात यायला हवा.

बरं, बुडीत लिहिलेला माणूस दोन वर्षांनी पैसे घेऊन आला तर? घ्यायचे, पावती द्यायची, आणि त्या वर्षाचं उत्पन्न म्हणून दाखवायचे. बुडीत लिहिणं ही माफी असती, तर कायद्याने अशा वसुलीची सोय कशाला ठेवली असती?

1961 च्या कायद्यात हे कलम 36 मध्ये होतं. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा कायदा आहे, कलमांचे क्रमांक बदललेत, तेव्हा जुना नंबर घेऊन सीएंशी वाद घालू नका. आणि जे उलाढालीच्या 8 किंवा 6 टक्के नफा धरून विवरण भरतात, त्यांना बुडीतची वेगळी वजावट नाही. त्या टक्क्यांत सगळं आलं.

जीएसटीचं दुखणं मात्र आहेच. 10,000 चं औषध, 1,800 कर, 11,800 उधार. उधारी बुडाली तरी सरकारला भरलेले 1,800 परत मिळत नाहीत. छोट्या दुकानदारावर हा अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं, आणि व्यापारी संघटनांनी हा मुद्दा सोडू नये.

एका ताईंनी विचारलंय, शेतकऱ्याने न फोडलेलं औषध परत आणलं तर ते बुडीतमध्ये टाकायचं का? नाही ताई, ती विक्री परत. क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद, काढा. वर्ष संपल्यानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंत ती जीएसटीत दाखवता येते आणि विक्रीवरचा कर कमी होतो. बाटली साठ्यात परत घेताना खरेदीच्या भावाने घ्या, आणि फळीवर ठेवायच्या आधी मुदत बघा.