आवर घालणाऱ्या पेशींचा शोध

श्रोतेहो, नमस्कार. २०२५ सालच्या ऑक्टोबर महिन्यात अवघ्या दोन दिवसांच्या अंतराने जपानमधल्या दोन प्राध्यापकांना नोबेल पारितोषिके जाहीर झाली. ६ ऑक्टोबरला वैद्यकशास्त्राच्या पारितोषिकात ओसाका विद्यापीठाचे शिमोन साकागुची यांचे नाव आले आणि ८ ऑक्टोबरला रसायनशास्त्राच्या पारितोषिकात क्योतो विद्यापीठाचे सुसुमु कितागावा यांचे. दोघांचाही जन्म १९५१ सालचा आणि दोघेही क्योतो विद्यापीठात शिकलेले. आपल्याला ही बातमी नवी असली, तरी त्यांच्या संशोधनाची मुळे तीस-चाळीस वर्षे मागे जातात, आणि त्यांतली बरीच वर्षे त्यांनी इतरांचा फारसा विश्वास नसताना काढली आहेत.

कितागावा यांच्याविषयी आधी थोडे सांगतो. धातूचे आयन आणि कार्बनी रेणू यांची सांगड घालून आत पोकळ्या असलेले स्फटिक बनवण्याचे काम त्यांनी हाती घेतले, तेव्हा अशा पदार्थाचा उपयोग काय, हा प्रश्न उभा राहिला आणि अनुदानासाठी केलेले अर्ज नामंजूर होत राहिले. १९९७ साली त्यांनी तयार केलेली त्रिमितीय रचना मात्र आतले पाणी काढून टाकल्यावरही ढासळली नाही. तिच्या पोकळ्यांत मिथेन, नायट्रोजन, ऑक्सिजन हे वायू शिरत आणि बाहेर पडत, पण तिचा आकार बदलत नसे. रिचर्ड रॉब्सन आणि ओमर याघी यांच्याबरोबर त्यांना हे पारितोषिक मिळाले.

साकागुची यांच्या शोधाकडे मात्र सावकाश पाहायला हवे, कारण तो आपल्या प्रत्येकाच्या शरीराशी निगडित आहे. रोगजंतूंशी लढणाऱ्या टी पेशी छातीतल्या थायमस या ग्रंथीत परिपक्व होतात. शरीराच्या स्वतःच्याच घटकांवर हल्ला करू शकतील अशा पेशी तिथेच नष्ट केल्या जातात, आणि शरीर सुरक्षित राहण्यास एवढी व्यवस्था पुरेशी आहे, असे त्या काळी बहुतेक शास्त्रज्ञ मानत. या समजुतीला न जुमानणारे एक निरीक्षण १९६९ साली नागोया शहरातील आइची कर्करोग केंद्रात निशिझुका आणि साकाकुरा यांनी नोंदवले होते. नवजात उंदराची थायमस ग्रंथी जन्मानंतर तिसऱ्या दिवसाच्या सुमारास काढली, तर मादी उंदरांची बीजांडे खुरटून जात. पुढे असे दिसून आले की, ग्रंथी काढल्याने प्रतिकारशक्ती नुसती दुबळी व्हायला हवी होती, पण प्रत्यक्षात ती बेफाम होऊन शरीराच्याच अवयवांवर उलटत होती.

साकागुची याच केंद्रात संशोधनासाठी दाखल झाले आणि त्यांनी हा प्रश्न उचलला. तेच ऑपरेशन सातव्या दिवशी केले तर हा विकार होत नाही. मग तिसऱ्या दिवसात विशेष ते काय असावे? मला या सगळ्या हकिकतीत हा प्रश्नच सर्वांत मोलाचा वाटतो. आज त्याचे उत्तर असे दिले जाते, की आवर घालणाऱ्या पेशी थायमसमधून जरा उशिरा बाहेर पडतात, त्यामुळे तिसऱ्या दिवशी ग्रंथी काढली की आक्रमक पेशी बाहेर मोकळ्या राहतात आणि त्यांना रोखणारे कुणी उरत नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला साकागुची यांनी निरोगी, त्याच वाणाच्या उंदरांमधल्या परिपक्व टी पेशी या उंदरांना टोचल्या, तेव्हा त्यांचा विकार टळला. याचा अर्थ टी पेशींमध्येच इतरांना थोपवणारा एक गट होता. तो ओळखायचा कसा, हे कळायला आणखी दहा-बारा वर्षे जावी लागली.

या वर्षांत वारे त्यांच्या विरुद्ध होते. दमन करणाऱ्या टी पेशींची कल्पना १९७० च्या दशकात बरीच गाजली होती, पण तिच्या पुष्ट्यर्थ मांडलेले काही पुरावे नंतर निराधार ठरले आणि अनेक संशोधकांनी तो विषयच सोडून दिला. अशा वेळी साकागुची यांनी जपानमध्ये आणि अमेरिकेत राहून हे काम चालू ठेवले. १९९५ साली त्यांनी दाखवून दिले, की ज्या टी पेशींच्या पृष्ठभागावर सीडी४ या प्रथिनाच्या जोडीला सीडी२५ हे प्रथिनही असते, त्याच या पेशी होत. सीडी४ असलेल्या टी पेशींच्या गटात त्यांचे प्रमाण जेमतेम दहा टक्क्यांच्या आसपास असते. त्या वगळून उरलेल्या पेशी टी पेशी नसलेल्या उंदरांना दिल्या की त्यांच्या अनेक अवयवांना विकार जडत, आणि वगळलेल्या पेशीही बरोबर दिल्या की ते टळत. या पेशींना नियामक टी पेशी असे नाव मिळाले.

पुराव्याचा उरलेला भाग अमेरिकेतून आला. मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ साली, जन्मानंतर काही आठवड्यांतच मरणाऱ्या उंदरांच्या एका वाणात फॉक्सपी३ या जनुकातला दोष शोधला. मुलांमध्ये आढळणाऱ्या एका गंभीर स्वप्रतिकार विकाराचे, म्हणजे प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटण्याच्या विकाराचे, मूळही त्याच जनुकात निघाले. दोन वर्षांनी साकागुची यांच्या गटाने आणि इतरांनीही सिद्ध केले, की नियामक पेशींची घडण याच जनुकाच्या हाती असते.

आता या ज्ञानाचा वापर दोन उलट दिशांनी होऊ पाहत आहे. टाइप-१ मधुमेह किंवा संधिवातासारख्या स्वप्रतिकार विकारांत, तसेच अवयवरोपणानंतर, या पेशींची संख्या वाढवण्याचे प्रयत्न चालू आहेत. कर्करोगाच्या गाठीभोवती मात्र त्याच पेशी गोळा होऊन गाठीला संरक्षण देतात, म्हणून तिथे त्या हटवाव्या लागतात. अडचण अशी आहे, की त्या सरसकट वाढवल्या तर जंतूंशी चालणारी लढाईही मंदावण्याचा धोका असतो, आणि सरसकट हटवल्या तर निरोगी अवयवांवर हल्ला होऊ शकतो. म्हणूनच फक्त एका विशिष्ट अवयवाला ओळखतील आणि तिथेच काम करतील अशा नियामक पेशी घडवणे, हे या क्षेत्रातले सध्याचे मोठे काम आहे, आणि ओसाकातील प्रयोगशाळाही त्यात गुंतलेली आहे.