मागची मांडी

हा ज्युदोतला ताई-ओतोशी डाव. संथ गतीत बघा. निळ्या ज्युदोगीतली मुलगी वळते, उजवा पाय समोरचीच्या नडगीपुढे आडवा टाकते आणि बाहीला हिसका देते. त्या आडव्या पायाचा गुडघा वाकलेला आहे, रोख जमिनीकडे. तोच ताठ राहिला असता आणि समोरची त्यावर कोसळली असती, तर सगळा भार बाजूने सांध्यावर आला असता.

ही साताऱ्याची पोरं. यातली बरीचशी तालमीतून आलेली, सांगायलाच नको. जिल्हाच कुस्तीचा. कराडशेजारच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण जोर-बैठका त्याच्याही कितीतरी आधीच्या. टाचा उचलून, घाम गळेपर्यंत. पुढून मांडी बघा, कशी भरलीय!

आणि मागून? बैठकीचा बहुतेक भार पुढच्या स्नायूंवर, क्वाड्रिसेप्सवर पडतो. ते गुडघा सरळ करतात आणि करता करता नडगीचं हाड पुढे ओढतात. त्याला आवरायचं काम गुडघ्यातल्या एसीएल या लिगामेंटचं, म्हणजे हाडं जोडून ठेवणाऱ्या बंधाचं, साथीला मांडीमागचे स्नायू, हॅमस्ट्रिंग. त्यांचा जोर पुढच्याच्या निदान ६० टक्के असावा, असा खेळवैद्यकातला ढोबळ हिशेब. तालमीत बैठका मोजतात. हे कोण मोजतं?

म्हणून हा व्यायाम. गुडघे टेकलेले, घोटे जोडीदाराने दाबून धरलेले. पाठ न वाकवता पुढे झुकायचं, जमेल तितकं सावकाश. बैठकांत कुणाला न ऐकणारा हा गडी बघा, अर्ध्यातच हातांवर आला. हसू द्या पोरांना, त्यांचीही पाळी येतेय.

आता मोजायची टेप. एका पायावर उडी, त्याच पायावर उतरून थांबायचं. मग दुसरा पाय. डाव बहुतेक एकाच बाजूने टाकतात, त्यामुळे दोन पायांत फरक पडू शकतो. एक उडी दुसरीच्या ९० टक्क्यांपेक्षा कमी भरली, की त्या पायावर आधी मेहनत. अर्थात नुसत्या ताकदीने गुडघा वाचत नाही, पडायचं तंत्रही लागतंच.

एसीएल तुटला तर बहुधा शस्त्रक्रिया, आणि मॅटवर परतायला नऊ महिने तरी.

उचिकोमी, म्हणजे न पाडता डावात शिरायचा पुन्हापुन्हा सराव, सुरू झालं. सर मघापासून एकच ओरडतायत, "डावीकडून! आता डावीकडून!"